पाखरं पाहणारा व्याही

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीत माझी शेती आहे, पण आमच्या पोवारांच्या घरोघरी मला ओळखतात ते सोयरिकीमुळं. मुलगी पसंत पडली, कूळ जुळलं, की मुलाकडचे लोक मला गाठायचे आणि म्हणायचे, "केशोराव, जरा पाहून या." पाहून या म्हणजे आठ-दहा दिवस मुलीच्या बापाच्या मागावर राहा. तो कोणाकडं उठतो-बसतो, काय पितो, कोणाशी भांडतो, ते सगळं गुपचूप पाहा आणि फलदानाच्या आत येऊन सांगा. फलदान झालं की शब्द पक्का, मग माघार नाही.

या कामात माझा हात धरणारा कोणी नव्हता. उगीच विनय कशाला करू? एका घरी दावणीला बैलांच्या चार जोड्या बांधलेल्या दाखवल्या. मी संध्याकाळपर्यंत मुद्दाम रेंगाळलो. बैल पाणी पिऊन परतले तर दोन जोड्या सरळ शेजाऱ्याच्या गोठ्यात शिरल्या! एकानं माझ्यासमोर तासभर जपमाळ ओढली. माळेचा दोरा इतका कोरा होता की त्याला बोटांचा मळसुद्धा लागलेला नव्हता. अशी माणसं पाहून पाहून माझी खात्री झाली होती की प्रत्येक घरात काहीतरी झाकलेलं असतंच, आणि नाही सापडलं तर आपली नजर कमी पडली.

माझी बायको सुमित्राबाई म्हणायची, "तुमाले चांगला मानूस भेटला का भेव लागते."

मी तिच्याकडं लक्ष देत नसे.

एकोणीसशे एकतीसचा फाल्गुन होता. सुमित्राबाईचा भाऊ मनिराम सालेकशाकडचा, चाळीस एकर धानाचा धनी. त्याच्या खेमराजसाठी गोंदियातली एक मुलगी पाहिली होती. नाव फुलवंता. बाप पुरनलाल रहांगडाले, रेल्वेत बत्तीवाला. संध्याकाळी सिग्नलच्या खांबांवर चढून कंदील लावायचे, सकाळी ते उतरवून काचा पुसायच्या, वाती कातरायच्या, तेल भरायचं, हे त्याचं काम. भावांच्या वाटण्यांत हाती दीड एकरही राहिलं नाही, म्हणून हा माणूस वीस वर्षांपूर्वी नोकरीला लागलेला. जमीन नसलेला पोवार म्हटलं की आमचे लोक नाक मुरडतात. तेवढ्याच कारणानं फुलवंताच्या दोन सोयरिकी बोलाचालीतच फिसकटल्या होत्या. पोरगी एकोणिसाची झालेली. ही तिसरीही मोडली असती तर लोकांनी पोरीतच खोट काढली असती, आणि मग तिला कोणा बिजवराच्या गळ्यात बांधण्याशिवाय बापापुढं वाट नव्हती. हे मला चांगलं ठाऊक होतं. पाडव्याला फलदान ठरलं होतं आणि माझ्या हातात नऊ दिवस होते.

स्टेशनामागं इंजिनांना पाणी पुरवायला रेल्वेनं तलाव बांधला होता. त्याच्या काठानं साहेब लोकांसाठी बाग केलेली. मेंदीचं कुंपण, कण्हेरी, चार बाकं, आणि बाग व्हायच्या आधीपासूनची जुनी झाडं, मोह, पळस, सावर. सकाळी साहेब उठेपर्यंत गावातली माणसं तिथं चक्कर मारून यायची. कंदील उतरवून झाले की पुरनलाल घरी न जाता सरळ तिथं यायचा आणि मोहाखाली बसायचा. खांद्याला झोळी, डोक्याला गमछा, आणि तोंड वर.

तो तिथं पाखरं पाहायला यायचा. आता मी हे एका वाक्यात सांगतो आहे, पण तेव्हा ते कळायला मला पाच दिवस लागले, आणि पटायला नऊ वर्षं.

फाल्गुनात भल्या सकाळी मोहाखाली झोळी घेऊन बसलेला माणूस दिसला, तर आमच्याकडचं कोणीही सांगेल की हा फुलं वेचायला आलाय. रेल्वेच्या बागेतली फुलं, तीही चोरून. आणि पगारदार माणसाला मोहफुलं लागतात कशाला? भट्टी लावायला! मी पहिल्याच दिवशी मनात पक्कं करून टाकलं, पुरनलाल दारू गाळतो. अडचण एवढीच होती की फुलं टपाटपा त्याच्या मांडीवर पडत होती आणि हा एकही उचलत नव्हता. मी म्हटलं, बरोबर आहे, कोणीतरी पाहतंय याचा वास लागला असेल. तिसऱ्या दिवशी तो तलावावर हात धुवायला गेला तेव्हा मी त्याची झोळी उघडून पाहिली. आत फडक्यात बांधलेली भाकर, वाती कातरायची कात्री आणि रॉकेलचा वास. एक फूल नाही.

बागेच्या माळ्याला विचारलं. तो रायपूरकडचा, हिंदीत म्हणाला, "रोज आते हैं, बाबूजी. पत्ता तक नहीं तोड़ते. बस ऊपर देखते रहते हैं."

"क्या देखते हैं?"

"अब आप ही पूछ लो. मैं तो उधर देख-देखके थक गया, मुझे तो पत्ते ही दिखते हैं."

चौथ्या दिवशी मी स्टेशनवर त्याच्या मागं गेलो. जबलपूरकडची छोटी गाडी लागली होती. पुरनलाल गार्डाच्या डब्याजवळ गेला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच विचारलं, "आज सकाळी दीडशेक निघाले. बालाघाटच्या अंगानं. दिसले का तुमाले?" गार्ड हसला आणि नाही म्हणाला. मी खांबाआड उभा. माझ्या मनाला पाखरांचा विचार शिवलाही नाही. दीडशे काय निघाले? रेल्वेचे कंदील? तेलाचे डबे? त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, आनंदानं.

पाचव्या दिवशी मी सरळ जाऊन त्याच्या शेजारी बसलो.

"काय पाहून राहिले जी?"

"पाखरं," तो म्हणाला.

"पाखरं कायले?"

"जाऊन राहिले ना आता. हिवाळ्यापुरते येतेत. दिसतेत तवर पाह्यतो."

त्यानं बोटानं तलावाचा काठ दाखवला. तिथं एक धोबी पक्षी शेपूट वरखाली हलवत चालला होता. "तो पाहा. कार्तिकात येते तवा मातकट राह्यते. जाच्या येळेस असा पिवळाजर्द होते. याचा रंग चढला का समजाचं, आठ दिवसांत जाते. ते बदकं त काल निम्मे गेले. दीडशेक होते."

"जातेत कुठी?"

"मले कोन सांगन? बालाघाटच्या पुढं कुठीतरी. छोट्या गाडीच्या गार्डाले विचारतो रोज. त्याले काही दिसत नाही, गाडीतच झोपत असन."

म्हणजे दीडशेचा हिशेब लागला. झोळी साफ, गार्ड साफ. दुसरा कोणी असता तर तिथंच हसला असता आणि उठून घरी गेला असता. मला मात्र ते कारण इतकं सरळ वाटलं की ते बनवलेलं असणार असंच वाटलं. जाळं नाही, गलोल नाही, विकायचं नाही, खायचं नाही, आणि वीस वर्षं रोज सकाळी येऊन नुसतं पाहायचं? सरकारनं गेल्याच महिन्यात घरोघरी माणसं मोजली होती. पाखरं मोजायला याला कोणी नेमलं होतं?

त्यानं मांडीवर पडलेली फुलं झटकली. मग वर पाहतच म्हणाला, "तुमी मुर्रीचे केशोराव ना? सोमवारीच ओळखलो मी."

मी चपापलो. "मंग घरी बसाचं होतं ना आठ दिवस. पोरीच्या सोयरिकीचा सवाल आहे. मी कायले आलो ते मालूम होतं तरी इथी येऊन बसता?"

"आठ दिवस घरी बसतो," पुरनलाल म्हणाला, "मंग पोरगी नांदाले गेली का पुन्हा इथी येतो. म्हंजे तुमाले फसवलोच ना मी?"

मी धोतर झटकून उठलो. आणि खरं सांगतो, घरी चालत येताना मला वाटलं ते हेच, की चलाख माणूस अगदी असंच बोलेल.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मनिराम माझ्याकडं मुक्कामाला आला. त्याला मी सगळं सांगितलं. घर स्वच्छ आहे, मुलगी कामाची आहे, आई देवकाबाई शांत आहे, बाप पीत नाही, भांडत नाही, नोकरीत एक शेरा नाही. मनिराम मान हलवत होता. इथं मी थांबलो असतो तर ही गोष्ट लिहायची वेळ आली नसती. पण मी म्हणालो, "पण..."

"पण काय, भाऊजी?"

"मानूस काहीतरी लपवून राहिला. रोज सकाळी बागेत पाखरं पाह्यते."

"पाखरं? कायले?"

"तेच त समजून नाही राहिलं."

सुमित्राबाई दाराआडून म्हणाली, "पाखरं पाह्यते म्हंजे पाखरं पाह्यते. त्यात काय समजाचं?" आम्ही दोघांनीही ऐकलं नाही. मनिरामनं त्या रात्री मला चारदा विचारलं, डोक्यानं बरा आहे ना? घराण्यात कोणी भ्रमिष्ट होतं का? पोरीलाही तो नाद आहे का? मला यातलं काहीच माहीत नव्हतं. पण माहीत नाही असं म्हणायची मला सवय नव्हती, म्हणून प्रत्येक वेळी मी नुसता हुंकार दिला.

फलदान पुरनलालच्या रेल्वे क्वार्टरसमोर होतं. सतरंजी अंथरली होती. बाया मागच्या अंगणात गाणी म्हणत होत्या आणि फुलवंता त्यांच्यात होती. पुढं आम्ही पुरुष दहा-बाराजण. नारळ, सुपारी, कपडे मांडून झाले. पुरनलालनं नारळ उचलला तेव्हा मनिराम म्हणाला, "थांबा. एक गोष्ट आहे."

पुरनलालचा हात तसाच राहिला.

"सोयरीक आमाले पसंत आहे," मनिराम म्हणाला. "पन आमच्या गावात लोक विचारतीन, व्याही काय करते? बागेत बसून पाखरं पाह्यते, हे मी नाही सांगू शकत. पोराच्या सासऱ्याले लोक हासतीन, मंग पोरीले हासतीन. तुमी चारचौघांसमोर जबान द्या, पाखरं पाह्यनं सोडलं म्हून. मंग नारळ घेतो."

दोन-तीन जण हसले. त्यांना ती चेष्टा वाटली. मी पुरनलालकडं पाहत होतो. मला वाटलं होतं तो रागावेल, किंवा हसून हो म्हणेल आणि पुढं काय करायचं ते करेल. तो बराच वेळ नारळाकडं पाहत राहिला. मागून बायांचं गाणं ऐकू येत होतं, त्यात फुलवंताच्या मैत्रिणींचं हसणं होतं. मग त्यानं नारळ खाली ठेवला, हळदीचे तांदूळ ओंजळीत घेतले आणि म्हणाला, "आजपासून पाखराकडं पाह्यनार नाही. जबान देतो."

तांदूळ ताटात टाकून त्यानं एवढंच मागितलं, "पोरीले नका सांगजा कोनी."

मनिरामनं नारळ घेतला. सगळे जेवायला बसले. मी पोटभर जेवलो, आणि माझ्यामुळं सोयरीक नीट तपासून झाली याचं मला समाधानही होतं. आज ते आठवलं की तोंड कडू होतं.

लग्न वैशाखात झालं. फुलवंताचं नशीब चांगलं, खेमराज मनानं मोकळा निघाला. दोन मुली झाल्या, घर भरलं. तिसरी सोयरीक लाभली असं सगळे म्हणायचे.

आणि माझा संशय? तो कुठं जातो! जबान दिलेली माणसं मी खूप पाहिली होती. दारू सोडली म्हणून देवापुढं हात ठेवणारे दुसऱ्या गावच्या बाजारात सापडायचे. पुरनलालही सापडेल, मी म्हटलं, आज ना उद्या. पुढच्या फाल्गुनात मी पुन्हा त्या बागेत जाऊन मोहाखाली बसलो, तो येतो का पाहायला. तो आला नाही. त्याच्या पुढच्या फाल्गुनात गेलो. नाही आला. मी स्टेशनवर जाऊन त्याला खांबावर चढताना पाहू लागलो. त्याच्या कामात पाखरं न दिसणं कठीण, ती सिग्नलच्या हातावरच बसलेली असतात. तर या माणसानं गमछा कपाळावरून पुढं असा ओढून घेतला होता की पुढची पायरी तेवढी दिसावी. एकदा यार्डाजवळच्या सावरीवर भोरड्यांचा थवा उतरला. शेकडो होत्या, कान किटले, कुलीसुद्धा हातगाडी थांबवून पाहू लागले. पुरनलाल खाली उतरला, कंदील मांडीवर घेतला आणि काच पुसत बसला. मी अर्धा तास उभा होतो. त्यानं मान वर केली नाही.

तरी मला वाटलं, मी उभा आहे हे त्याला माहीत असेल.

असे नऊ फाल्गुन गेले. दरवर्षी मी बागेत जाऊन बसायचो. करणार काय, वाट पाहताना डोळे मिटून तर बसता येत नाही. एका सकाळी तलावाच्या काठावरचा धोबी पाहून माझ्या मनात आलं, यंदा याला रंग लवकर चढला. आणि मला माझाच इतका राग आला की मी तडक उठून घरी गेलो.

चाळीस सालच्या फाल्गुनात, होळी होऊन तीन-चार दिवस झाले असतील, मी गोंदियाच्या बाजारात होतो. पुरनलाल भेटला. त्याची नोकरी सुटून वर्ष झालं होतं. देवकाबाई दोन वर्षांपूर्वी वारली, आणि हा मुर्रीच्या वाटेवर एक खोली घेऊन एकटा राहत होता. आम्ही दोघं कांदेवालीसमोर उभे होतो तेवढ्यात वरून आवाज आला. करकोचे होते. इतक्या खालून जाताना मी ते कधी पाहिले नव्हते. एक ओळ संपते तोवर दुसरी, आणि सगळ्यांचा एकच गलका. बाजार थांबला. कांदेवालीचं पारडं हातात तसंच लोंबत राहिलं. सगळ्यांची तोंडं वर.

पुरनलालनं डोळे मिटून घेतले.

मी वर पाहायचं सोडून त्याच्याकडं पाहत राहिलो. त्याची मान खाली होती आणि डोळे घट्ट मिटलेले. आवाज डोक्यावरून जाऊन बालाघाटच्या दिशेला बारीक होत होत संपला, तोवर तो तसाच उभा. मग डोळे उघडले आणि कांदेवालीला म्हणाला, "अर्धा शेर दे, बाई."

मी त्याला हाताला धरून बाजूला घेतलं. "व्याही, इथी कोन आहे पाह्यनारा? मनिराम तिकडं सालेकशाले. पाह्यलं असतं एक डाव त कोनाले समजलं असतं?"

"मले समजलं असतं ना," तो म्हणाला.

"मी नऊ वर्षं तुमच्या मागावर आहो," मी बोलून गेलो. का बोललो कोण जाणे.

"मालूम आहे. मोहाखाली बसता तुमी." त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मग त्यानं विचारलं, "बदकं गेले का सगळे?"

मला सांगता आलं नाही. नऊ वर्षं त्या तलावासमोर बसून मी बदकं मोजली नव्हती. मला लाज वाटली, भर बाजारात, कांद्याच्या ढिगाजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी सालेकशाला गेलो. मनिराम ओसरीवर खाटेवर बसून गड्याला ओरडत होता. मी टेकलोही नाही. म्हणालो, "मनिराम, पुरनलालची जबान सोडून दे."

"कोनती जबान?"

"पाखराची. फलदानात घेतली होती तू."

त्यानं डोकं खाजवलं. मग हसायला लागला. "मी घेतली होती? असं काही म्हटलो होतो का मी?" आणि मग म्हणाला, "भाऊजी, तुमीच त तवा काहीतरी पन-पन करून राहिले होते. म्हून मी म्हटलो असन. आता कोनाले आठवते? पाह्यतेत त पाहू द्या म्हना."

आणि तो पुन्हा गड्याकडं वळला, बैलांना पाणी का दाखवलं नाही म्हणून. मी तिथंच उभा राहिलो. एका माणसानं नऊ वर्षं मान वर केली नव्हती, आणि ज्याच्यासाठी केली नव्हती त्याला ते आठवतही नव्हतं. मला मनिरामच्या कानाखाली द्यावीशी वाटली. पण तो बोलला त्यात खोटं काय होतं? 'पण' म्हणणारा मीच होतो.

फुलवंता पाणी घेऊन आली. पदर सावरून हळूच म्हणाली, "फुफाजी, बाबाच्या डोळ्याले काही इलाज आहे का जी?"

"डोळ्याले काय झालं?"

"दिसत नाही ना त्याइले. मांगच्या दिवाळीत पोरीइले घेऊन गेली होती. मोठी विचारे, आबा, हे कोनतं पाखरू? त बाबा म्हने, मले नाही दिसत बाई. सगळ्या पाखराइचे नाव मालूम होते बाबाले. मी लहान होती त खांद्यावर बसवून दाखवत." तिचे डोळे भरले होते. "नोकरी दिव्याची होती, त्यानंच गेले असतीन डोळे."

मी पाण्याचा लोटा एका दमात रिकामा केला. तिला कोणी सांगितलं नव्हतं, तिच्या बापानं मागितलं होतं तसंच. मीही सांगितलं नाही. म्हणालो, "बरे होतीन डोळे. मी पाह्यतो काय कराचं ते."

परतीच्या गाडीत मी एकच विचार करत होतो. मनिराम काय म्हणाला हे पुरनलालला सांगायचं कसं? पाहू द्या म्हणाले, आठवतही नाही म्हणाले, असं सांगितलं की तो मोकळा होणार होता. पण मग ही नऊ वर्षं कशाची होती? मी आयुष्यभर लोकांचं खोटं पकडत आलो. स्वतः कधी खोटं बोललो नव्हतो, निदान पुरतं कधी नाही.

ऊन उतरता उतरता त्याच्या खोलीवर पोचलो. तो दारातच बसला होता.

"मनिरामकडून येऊन राहिलो," मी म्हणालो. "तुमच्या जबानीसाठी गेलो होतो."

तो उभा राहिला. "काय म्हनले?"

"चार मानसं बसवले त्यानं. लय बोलनं झालं, दुपारभर. काही म्हनत होते, जबान म्हंजे जबान, सोडता येत नाही. मंग मनिराम म्हनला, पुरनलालजीनं नऊ वर्षं आमची लाज राखली, असा व्याही कोनाले भेटते? आता आमच्याकडून त्याइले मोकळीक आहे. तांदूळ हातात घेऊन म्हनला."

पुरनलाल माझ्याकडं पाहू लागला. मी आयुष्यात शेकडो बापांकडं असं पाहिलं होतं, आधी डोळ्यांत, मग हाताकडं, मग पुन्हा डोळ्यांत. माझ्याकडं तसं कोणी पाहिलेलं मला आठवत नव्हतं.

"खरं सांगून राहिले ना, केशोराव?"

मी त्याच्या डोळ्याला डोळा दिला. "खरं."

त्यानं आणखी थोडा वेळ पाहिलं. मग मान हलवली, आत गेला आणि चपला शोधू लागला. खोलीत अंधार होता, त्याला एक चप्पल सापडेना. मी वाकून ती खाटेखालून काढून दिली.

"पाडव्याले किती दिवस आहेत?" त्यानं विचारलं.

"दहा-बारा असतीन."

"मंग बदकं राह्यले असतीन थोडेक," पुरनलाल म्हणाला, आणि माझी वाट न पाहता बागेच्या रस्त्याला लागला.